तेराव्या दिवसानंतर : परभणी भागातल्या सांत्वनाचा इतिहास

इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की लोकांना लढाई हवी असते, तह हवा असतो, निदान एखादा किल्ला तरी. आज यातलं काहीच नाही. आजचा प्रश्न साधा आहे. घरातलं माणूस गेलं की मागं राहिलेल्यांसाठी गाव काय करतं, आणि हे करणं गेल्या काही शतकांत कसकसं बदलत आलं?

हा इतिहासाचा विषय आहे का, असं कोणी विचारेल. आम्ही म्हणतो, आहे. रीत बदलते आणि ती का बदलली हे शोधणं हेच आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचं काम. दुसरं म्हणजे यात एक हिशेब दडलेला आहे. कोणाच्या दारावर लोक गेले आणि कोणाच्या दारावर गेले नाहीत, हा तो हिशेब. तो राजांच्या वंशावळीपेक्षा जास्त काही सांगून जातो.

आधी शब्द पाहू. 'सांत्वन' हा शब्द आपल्या बोलण्यात फारसा नाही, तो वर्तमानपत्रातला. गावाकडं माणूस 'मातीला' जातो, 'दारावर' जातो, 'समाचाराला' जातो. प्रेत जाळायचं असलं तरी आपण मातीलाच जातो, हे लक्षात घ्या. फारशीतून आपल्याकडं 'मातमपुर्सी' आला. मातम म्हणजे शोक आणि पुर्सी म्हणजे विचारणं. आपली 'विचारपूस' त्याच अर्थाची. म्हणजे दोन्हीकडं मूळ कल्पना सांगण्याची नाही, विचारण्याची आहे. दुःखाच्या घरी जाऊन उपदेश करायचा नसतो हे भाषेला माहीत होतं. आपण ते मधल्या काळात विसरलो.

'दुखवटा' या शब्दाचे तर दोन अर्थ. एक शोकाचा काळ, आणि दुसरा शोकाच्या घरी न्यायचा आहेर. मराठेशाहीत एखादा सरदार वारला की त्याच्या मुलाला दुखवट्याची वस्त्रं पाठवायची रीत होती. तीच गोष्ट गावात टॉवेल-टोपी आणि लुगडं होऊन आली. अर्थ तोच : खूप बसलात, आता उठा, डोक्याला काही बांधा आणि कामाला लागा. हे तोंडानं म्हणणं अवघड असतं, म्हणून कापडाकडून म्हणवून घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे चूल. माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे, भावकीतले पिठलं-भाकरी घेऊन येतात. बरोबर कोणीतरी वडीलधारी बाई येते आणि घरातल्यांना बळंच दोन घास खायला लावते. 'खा माय, पोरांसाठी खा', एवढं एकच वाक्य. स्मशानातून आलेली माणसं लिंबाचा पाला तोंडात घालतात, मग जेवतात. तिसऱ्या दिवशी राख सावडायची. दहावा नदीवर. आपल्याकडं गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात, आणि जिल्ह्यातली कितीतरी घरं त्यासाठी गंगाखेड गाठतात. तेराव्याला गोड. इथं धार्मिक अर्थ बाजूला ठेवून फक्त कामाची वाटणी पाहा. लाकडं कोणी आणायची, तिरडी कोणी बांधायची, पाव्हण्यांना सांगावा कोणी द्यायचा, ढोरं कोणी सोडायची, धार कोणी काढायची, हे विचारावं लागत नाही. शोक घरच्यांनी करायचा आणि घर गावानं चालवायचं.

बायांचं काम वेगळं होतं. दारावर येणारी बाई दुरूनच हेल काढून रडत यायची. गेलेल्या माणसाची ओळख, त्याचा स्वभाव, तो कोणाच्या लग्नाला गेला, कोणाला बियाणं उसनं दिलं, हे सगळं त्या रडण्यात यायचं. शहरातल्या शिकलेल्यांना हा प्रकार नाटकी वाटतो. आम्हाला तसं वाटत नाही. ज्या घरात कोणाला लिहिता येत नव्हतं तिथं तेच मृत्युलेख होते, आणि ते बायांनी रचले. पुरुष मंडळी मात्र ओट्यावर मान खाली घालून, तंबाखू मळत. पुरुषांना रडायची सोय आपल्या रीतीनं फारशी ठेवलीच नाही, आणि त्याची किंमत किती ते पुढं येईल.

रडण्याच्या पलीकडची जागा म्हणजे जातं. पहाटे दळताना बायांनी मेलेल्या आईला, भावाला, लेकराला ओवीत घातलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. त्यात आपल्या पूर्णा तालुक्यातलं ताडकळसही आहे.

जात्याचा विषय निघाला की जनाबाई आलीच. गंगाखेडची पोर. परंपरा सांगते की आई गेली आणि बाप दमा तिला पंढरपूरला दामाशेटींच्या घरी ठेवून आला. म्हणजे पोरकेपणातून चाकरीत गेलेलं लेकरू. पुढची कथा सगळ्यांना पाठ आहे, देव येऊन तिच्याबरोबर दळतो. या कथेकडं चमत्कार म्हणून बघण्यात आम्हाला रस नाही. ज्यांनी ही कथा सातशे वर्षं सांगितली त्यांना काय म्हणायचं होतं ते बघू. एकट्या पडलेल्या पोरीला देवानं तत्त्वज्ञान सांगितलं नाही. तो जात्याच्या दुसऱ्या अंगाला बसला आणि खुंट्याला हात लावला. आपल्या मुलखाची सांत्वनाची व्याख्या विचारली तर आम्ही हीच सांगू.

दुसरी कथा नामदेवांची. नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती, तेव्हा नामदेवांवर आपला थोडा हक्क आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. त्या प्रसंगाचे अभंग नामदेवांच्या नावावर आहेत. ते वाचताना एक गोष्ट जाणवते : समाधी घेणाऱ्यापेक्षा मागं राहणाऱ्यांवर त्यांचं लक्ष जास्त आहे. धाकट्याला निरोप देणारा निवृत्तिनाथ, सोबतचे संत, गलबललेली माणसं. मराठीत शोक करणाऱ्यांचं वर्णन इतक्या आपुलकीनं त्याआधी कोणी केल्याचं आम्हाला दिसत नाही.

आणि चोखोबा. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम चाललं असताना भिंत ढासळली आणि वेठीची माणसं तिच्याखाली गेली. त्यात चोखामेळा. कथा अशी की नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक कानाला लावली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबाची म्हणून उचलली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. इथं थोडं थांबू. मेलेली सगळी माणसं गावकुसाबाहेरची, आणि मेली कशी, तर गावकूस बांधताना. त्यांच्यासाठी थांबणारा, ढिगाऱ्यात बसून हाडं निवडणारा एक माणूस निघाला, तो शिंपी होता. पण त्याच भिंतीखाली गेलेल्या बाकीच्या मजुरांचं काय झालं? त्यांची नावं कोणत्याही कथेत नाहीत. आठवण ठेवणारा कितीही थोर असला तरी आठवण निवडक असते, हा धडा याच कथेत आहे.

यातूनच आमच्या हिशेबाकडं येतो. वर सांगितलेली कामाची वाटणी ऐकून कोणाला वाटेल, जुनं गाव किती छान होतं. तर तसं नाही. मयताचा सांगावा घेऊन गावोगाव उन्हातान्हात पळणारा माणूस महार होता, ते त्याच्या बलुत्यातलं काम. सरणाची लाकडं पोचवणारा तोच. त्याबद्दल मढ्यावरचं वस्त्र त्याच्या वाट्याला यायचं. सगळ्या गावाचं दुःख ज्यानं पायानं वाहिलं, त्याच्या घरी मयत झाली तर गाव त्याच्या दारावर जात नव्हतं. त्याचं मसणवटही वेगळं. आजही कितीतरी गावांत ते वेगळंच आहे आणि कित्येक ठिकाणी तिथं जायला धड रस्ता नाही. पावसाळ्यात चिखलातून मयत न्यावी लागली की वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा येतो.

पुढं सांगाव्याची जागा पोस्टकार्डानं घेतली. त्या कार्डावर वर 'श्री' नसायचा, कोपरा फाडलेला असायचा. घरात न नेता बाहेरच वाचून फाडून टाकायचं. मग तार आली, आणि आता फोन. बलुत्याचं काम सुटलं, ते चांगलंच झालं. पण दारावर कोण जातं आणि कोण जात नाही, ते काही पोस्टानं बदललं नाही.

बदललं ते दुसऱ्या वाटेनं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. दुसऱ्या दिवशी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले, आणि तिथंच, चितेच्या साक्षीनं, भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या लाखभर लोकांना दीक्षा दिली. शोकसभेतच दीक्षा झाली, याला दुसरा दाखला आम्हाला आठवत नाही. मराठवाड्यातल्या वस्त्यांमध्ये ते दुःख कसं पोचलं हे जात्यावरच्या आणि भीमगीतांच्या आवाजात अजून ऐकायला मिळतं. हळूहळू या घरांनी दहावा-तेरावा सोडून जलदान विधी, पुण्यानुमोदन अशी नवी रीत घडवली. भन्तेजी येतात, त्रिशरण-पंचशील होतं, गेलेल्या माणसाबद्दल चार माणसं बोलतात, कोणी विहाराला दान देतं, कोणी पोरांना वह्या देतं. ज्यांच्या दारावर गाव आलं नाही त्यांनी स्वतःच एकमेकांच्या दारावर जायची पद्धत उभी केली, असं आम्ही याचं वर्णन करू.

२७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडाभर वस्त्या जळाल्या. आपला जिल्हाही त्यातून सुटला नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या साडेपंधरा वर्षांत जे गेले त्यांचं स्मरण दरवर्षी त्या तारखेला होतं. पण ज्या गावात घर जळालं त्याच गावातला शेजारी नंतर कधी दारावर गेला का, याची नोंद कुठल्या दप्तरात सापडत नाही.

आता मुसलमान शेजाऱ्यांकडं येऊ, कारण परभणी शहराची गोष्ट त्यांच्याशिवाय होत नाही. दफन करून आल्यावर पुरसा द्यायला लोक येतात, तिसऱ्या दिवशी जियारत, पुढं चाळीसवा. नाव वेगळं, पण चुलीची गोष्ट तीच. मयतीच्या घरी जेवण शेजारच्या घरून येतं. मोहरम हा तर मुळात सामुदायिक शोकच. मराठवाड्यात कितीतरी गावांत हिंदू घरं सवारीपुढं नवस बोलत आली आहेत. आणि परभणीचा उरूस. सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा हा उरूस फेब्रुवारीत भरतो, तिथं पाळण्यात बसलेल्या पोरांना कोणी सांगत नाही की ही एका माणसाची पुण्यतिथी आहे. उरूस या शब्दाचा मूळ अर्थ लग्न. संत वारला त्या दिवसाला लग्न म्हणायचं आणि सगळ्या गावानं मिठाई खायची, ही शोकाची फार प्रगल्भ कल्पना आहे. आपल्याकडची पुण्यतिथीची सप्ताहाची पंगत याच जातीची.

पण १९४८ आलं. रझाकारांच्या काळात मराठवाड्यातली गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, घरंदारं सोडून लोक सरहद्दीपलीकडच्या छावण्यांत राहिले. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं. ज्यांनी बलिदान दिलं त्यांची हुतात्मा स्मारकं उभी राहिली, दरवर्षी त्या दिवशी झेंडावंदन होतं, मानवंदना होते. हे योग्यच झालं, आणि आणखी व्हायला हवं. त्याच पोलीस कारवाईच्या आगेमागे संस्थानातल्या कित्येक गावांत मुसलमान घरांवर सूड उगवला गेला. केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. सगळ्यात जास्त झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी आपल्या शेजारच्या नांदेडचं नाव घातलं. तो अहवाल पुढं कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. म्हणजे एकाच वर्षात, एकाच मुलखात, दोन प्रकारच्या विधवा झाल्या. एकीच्या नवऱ्याचं नाव दगडावर आलं. दुसरीला नवऱ्याचं नाव मोठ्यानं घेणंही अवघड झालं. मुक्तिसंग्रामाचं मोल याने कमी होत नाही. दोन्ही दारं आपल्याच गावातली होती, एवढंच आमचं म्हणणं आहे.

थोडं खर्चाबद्दलही बोलू, कारण तेराव्याच्या जेवणानं किती घरं कर्जात गेली हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. चूल बंद असलेल्या घरी शेजाऱ्यानं जेवण न्यायचं, ही मूळ रीत. तेराव्याला ती उलटते आणि दुःखातल्या घरानं गावाला जेवण घालायचं असतं. गाडगेबाबा कीर्तनात यावर कोरडे ओढायचे. ते नुसते बोलणारे नव्हते. १९२३ साली त्यांचा मुलगा गोविंदा वारल्याची खबर कीर्तन चालू असताना आली आणि त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. आता आपल्याकडं रक्षाविसर्जनाला भाषणांची रीत पडली आहे. पुढाऱ्यामागून पुढारी बोलतो, घरची माणसं उन्हात उभी. राख नदीत न टाकता शेतात टाकून त्यावर झाड लावायची पद्धत काही घरांनी सुरू केली आहे, ती आम्हाला जास्त आवडते. निदान झाडाला पाणी घालायला तरी कोणी रोज जातं.

२०२०-२१ मध्ये तर सगळ्याच रीती एकदम बंद झाल्या. मातीला वीसच माणसं असा नियम होता, आणि कित्येकांना तीही मिळाली नाहीत. त्या वेळी उरलं फक्त जेवणाचं. दाराबाहेर डबा ठेवायचा आणि लांबून हाक मारायची. पाचशे वर्षांच्या रीतीतलं काय टिकलं, तर डबा. आणि त्याच सुमाराला 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा मोबाइलवरचा पूर सुरू झाला, तो अजून ओसरला नाही. एका ग्रुपवर दोनशे जण तेच दोन शब्द आणि हात जोडलेलं चित्र टाकतात, मधेच कोणीतरी चुकून वाढदिवसाचा केक टाकतं. हसू नका, आपण सगळेच त्यात आहोत. चौकात फ्लेक्स लागतो, त्यावर गेलेल्याच्या फोटोपेक्षा श्रद्धांजली देणाऱ्यांचे फोटो जास्त.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथं येतो.

२०१५ साली एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मिळून हजारांहून जास्त शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. परभणी जिल्हा त्यात होता आणि नंतरच्या वर्षांतही राहिला. फास घेतला, औषध पिलं, असं आपण बोलतो. फवारणीच्या विषाला 'औषध' म्हणायची आपली सवय अशा वेळी फार विचित्र वाटते. या मरणाला जुन्या रीतीत जागाच नव्हती. अपमृत्यू म्हणून लोक बिचकतात. मयत घरी यायच्या आधी पंचनामा, मग शवविच्छेदन. दारावर येणारा माणूस विचारपूस करायच्या ऐवजी चौकशी करतो : कर्ज किती होतं, सावकाराचं की बँकेचं, पीत होता का, घरात काही झालं होतं का? पुर्सी म्हणजे विचारणं असं आम्ही सुरुवातीला म्हटलं. विचारणं आणि उलटतपासणी यात किती थोडं अंतर आहे बघा.

तीच उलटतपासणी सरकारनं कागदावर केली. २००६ च्या निर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपये मिळू लागले, ३० हजार लगेच आणि ७० हजार ठेवीत. पुढं कित्येक वर्षं हा आकडा तसाच राहिला. पण त्यासाठी जिल्ह्याच्या समितीनं प्रकरण 'पात्र' ठरवावं लागतं. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं, ते थकलेलं हवं. खासगी हातउसन्या कर्जाला कागद नसतो. बटईनं शेती करणाऱ्याच्या नावावर सातबारा नसतो. मग बातमी येते : इतकी प्रकरणं पात्र, इतकी अपात्र. सरकारी पैशाला निकष लागतात हे आम्हालाही कळतं. पण 'अपात्र' हा शब्द मदतीच्या अर्जापुरता राहत नाही. तो गावात पोचतो, आणि गाव म्हणतं, म्हणजे कारण दुसरंच असणार. एका शिक्क्यानं दुःख खोटं ठरतं.

आणि त्या घरातली बाई. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, हे सगळं सांत्वनाला आलेल्या बायाच करतात, हे आपल्या रीतीचं सगळ्यात कठीण कोडं आहे. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि १७ मे रोजी राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव बऱ्याच गावांत झाले. अंमल किती झाला ते प्रत्येकानं आपापल्या गावापुरतं बघावं. पण कुंकवाइतकाच, किंबहुना जास्त, जमिनीचा प्रश्न आहे. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या ११ जिल्ह्यांतल्या ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली. त्यातल्या चाळीस टक्के बायांना त्या कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. जमीन दिराच्या किंवा सासऱ्याच्या नावावर, आणि कष्ट हिचे. दारावर येऊन रडलेल्या माणसांपैकीच काही जण पुढं वारसनोंदीत आडवे येतात.

पैसा आणि सांत्वन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे परभणीनं अलीकडंच पाहिलं. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर पेटलं, धरपकड झाली, आणि कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. सरकारनं देऊ केलेले दहा लाख त्याच्या आईनं नाकारले. आधी न्याय, असं ती म्हणाली. राज्यभरातून माणसं तिच्या दारावर आली. शोकाच्या घरानं आहेर परत केला की त्याचा अर्थ काय होतो, हे आपल्या रीतीत वाढलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नाही.

नव्या रीतींमधली एक आम्हाला फार विचार करायला लावते. १९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवलं. आंबाजोगाईचे अमर हबीब यांच्या पुढाकारानं २०१७ पासून किसानपुत्र दरवर्षी १९ मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. त्यात मोर्चा काढावा लागत नाही, नुसतं जेवायचं नाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी शेतकऱ्यांची पोरंही करतात. आम्हाला यात ती जुनी चूलच दिसते. मयतीच्या घरी चूल बंद असते. इथं लांबच्या माणसानं स्वतःची चूल बंद ठेवून ते घर आपलं आहे असं म्हटलं.

प्रश्न राहतो तो तेराव्यानंतरचा. रीतीचं कॅलेंडर तेराव्याला संपतं, फार तर पहिल्या सणाला पाव्हणे येतात, वर्षश्राद्धाला येतात. कागदाचं कॅलेंडर मात्र तेराव्यानंतरच सुरू होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत. वारसाची खबर तलाठ्याकडं तीन महिन्यांच्या आत, मग फेरफार, मग सातबारा. पीक कर्जाचं खातं, विम्याचा अर्ज, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, पोराच्या शाळेचा दाखला. हे सगळं त्या बाईनं एकटीनं करायचं, जिला तोवर तलाठी सज्जा कुठं आहे हेही कोणी दाखवलेलं नसतं. जुन्या गावानं लाकडं, पाणी, भाकर, धार अशी कामं वाटून घेतली, कारण त्या काळी घर चालायला तीच कामं लागत होती. आज घर चालायला झेरॉक्स लागते.

मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटना हे काम करतात. एकटी बाई तहसीलला गेली तर 'पुढच्या सोमवारी या' ऐकून परत येते. चौघी बरोबर गेल्या तर तोच कागद त्याच दिवशी टेबलावर येतो. बरोबर जाणाऱ्या त्या तिघी फारसं काही बोलत नाहीत. बाकड्यावर बसून राहतात, पिशवीतून भाकर काढून वाटून खातात, आणि साहेब जेवून यायची वाट बघतात.